घराची लाकडी जमीन : निवड कशी करावी?

(पारनेर येथे सुतार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी काही उदात्त विषयावर मी बोलावे अशी चिटणीसांची इच्छा होती. परंतु ज्याने आयुष्याची चाळीस वर्षे रंधा आणि गुण्या हाती धरली, त्याने उदात्त विषयाच्या वाटेस जाण्यापेक्षा आपल्या हाताखालून गेलेल्या गोष्टीविषयी बोलावे हे बरे, असे मी त्यांस नम्रपणे कळविले आणि त्यांनी ते उदार मनाने मान्य केले. आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत घरे झपाट्याने उठत आहेत. कोणाची मुले पुण्यामुंबईस आहेत, कोणाची सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. ती सुट्टीस येतात आणि म्हणतात, एका खोलीस तरी लाकडी जमीन करू. मग वडील मजकडे येतात आणि विचारतात, कोणती घ्यावी? सागाची, प्लायवरची, लॅमिनेटची, की बांबूची? हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा आहे. परंतु त्यात माणसाची साठवलेली पुंजी गुंतलेली असते, आणि आपल्या धंद्याची अब्रूही गुंतलेली असते. म्हणून या प्रश्नास जे उत्तर मी एकेकास ओट्यावर बसून देतो, तेच आज सर्वांस एकत्र देणार आहे.

प्रथम आपल्या पूर्वजांनी काय केले ते पाहू. पारनेर हा घाटमाथ्याच्या पर्जन्यछायेतला मुलूख आहे. वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस, तोही लहरी. इमारती लाकडाचे रान आपल्याकडे नाही; साग येई तो पश्चिमेकडून, जुन्नरच्या बाजूने. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या रानांतून, चुना जेजुरीचा आणि दगड चिंचवडचा आणला होता, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १७३० साली पायाभरणी होऊन १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा फेब्रुवारी १८२८ मधील आगीत भस्म झाला. दगडी तट व जोती उरली. आपल्या तालुक्यातही जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, आणि पळशीस होळकरशाहीतील पळशीकर घराण्याचा वाडा आहे, ज्याचे कोरीव लाकूडकाम पाहावयास लांबून लोक येतात. या मोठ्या वाड्यांचे सोडा. पण साध्या गृहस्थाच्या दोन-तीन खणी घरासही कडीपाट असे. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. खालच्या माणसास ते छत आणि वरच्या माणसास तीच जमीन. त्यावर कोठे मातीचा थर देऊन शेणाने सारवीत, कोठे फळी तशीच उघडी ठेवीत.

आता ध्यानात घ्या, त्यांनी लाकूड वापरले ते माडीवर. खाली जमिनीशी नाही. खाली सारवलेली माती, पुढे शहाबादी फरशी. ही गरिबी नव्हे, हा विचार होता. लाकडाचे दोन वैरी, ओल आणि वाळवी, हे दोघेही खालून येतात. माडीवरची फळी वरून उघडी, खालून उघडी. दोन्ही अंगांनी तिला सारखी हवा लागे. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांचे कडीपाट आजही सरळ आहेत, आणि कालपरवा बसविलेल्या जमिनी फुगून उठतात. या एका गोष्टीत माझे अर्धे भाषण आले. लाकडी जमिनीची निवड करताना आपण लाकडाचे नाव विचारतो, रंग विचारतो, भाव विचारतो. परंतु तिच्याखाली काय आहे आणि तिच्या भोवती कशी हवा आहे, हे कोणी विचारीत नाही. खरी निवड तेथेच होत असते.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. ते एका चुकीतून आले, आणि ती चूक माझी होती. ती सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा मला अधिकार पोचत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गावाकडे लहानसे घर बांधले. आम्ही त्यांस दाजी म्हणत असू. मिळालेल्या पैशांतून त्यांनी एकच हौस केली. पोथी वाचावयास बसण्याची एक खोली असावी आणि तिची जमीन सागाची असावी. घरचा माणूस सुतार. मग दुसऱ्या कोणास विचारावयाचे? श्रावणाचे दिवस होते. एका वखारीतून मी सहा इंच रुंदीच्या उत्तम दिसणाऱ्या फळ्या आणल्या. रंधा मारताना रांधा ओलसर निघत होता, हाताला गार लागत होता. मला ते कळत होते. पण वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला. मी फळीला फळी घट्ट भिडवून खिळे ठोकले, वरून पॉलिश दिले. खोली आरशासारखी दिसली. आल्यागेल्याने कौतुक केले.

पुढील चैत्रात मी तेथे गेलो, तो फळी-फळीत अशी फट पडलेली की दोन नाणी शेजारी शेजारी उभी राहावीत. निवडताना सांडलेले ज्वारीचे दाणे त्यांत जाऊन बसले होते. मी ओशाळलो. दाजी म्हणाले, "असू द्या हो. लाकूडच ते. उन्हाळ्यात आपल्यासारखेच वाळायचे." मजुरी परत घेण्याचे नाव त्यांनी काढू दिले नाही. पुढील वर्षी जमीन उचलून नीट बसवून देतो, असे मी म्हणालो. कामे निघत गेली, ते वर्ष गेले, त्याच्या पुढचेही गेले. आणि दाजी गेले तेव्हा फटी तशाच होत्या. जमीन मी नंतर उचलली आणि नीट बसविली. ती आजही उत्तम आहे. परंतु ज्याने हौस केली त्याला ती पाहावयास मिळाली नाही. लाकडाने फसविले असे मी म्हणत नाही. लाकूड आपल्या धर्माप्रमाणे वागले. माझा धर्म मी पाळला नाही.

तो लाकडाचा धर्म कोणता, ते आता सांगतो. कापलेले लाकूड सभोवारच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असते आणि ती कधी थांबत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातील ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर येऊन स्थिरावतो. ६५ टक्के असेल तर सुमारे १२ वर. ८० टक्के असेल तर सुमारे १६ वर. आपल्या तालुक्यात वैशाखातील दुपारी हवा भट्टीसारखी कोरडी आणि श्रावणात दमट. म्हणजे घरातील फळीचा ओलावा वर्षात ७ पासून १४ टक्क्यांपर्यंत हेलकावे खाणार असे धरून चालावे. ओलावा वाढला की फळी रुंदीत फुगते, घटला की आकसते. लांबीत मात्र नगण्य फरक पडतो.

साग याबाबतीत सज्जन लाकूड आहे. ओला साग पूर्णपणे सुकेपर्यंत, वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के एवढाच आकसतो. हिशेब केला तर आडव्या चिराईची सहा इंची फळी चैत्र ते श्रावण एवढ्या फेऱ्यात सुमारे दोन मिलिमीटर हलते. तीच फळी तीन इंचांची असेल तर एक मिलिमीटर. आणि सहा इंची फळीच, पण वलये पृष्ठाशी उभी येतील अशी चिरलेली असेल, तरीही एकच मिलिमीटर. दाजींच्या खोलीत मी ओले लाकूड, रुंद फळी आणि आडवी चिराई, असे तिन्ही दोष एकत्र केले होते. ओलावा २० टक्क्यांवरून ७ वर उतरला आणि प्रत्येक सांध्यात चार मिलिमीटरची फट पडली. गणित चुकत नाही, बंधूंनो. आपण ते मांडीत नाही एवढेच.

तेव्हा पहिला नियम असा की फळी अरुंद घ्यावी, उभ्या वलयांची मिळाल्यास ती घ्यावी आणि मुरलेली घ्यावी. मुरलेली आहे हे विक्रेत्याच्या शपथेवरून ठरवू नये. ओलावा मोजण्याचे लहान यंत्र आता बाजारात सहज मिळते. ते नसेल तर जुनी रीत आहे. फळीच्या टोकापासून वीतभर आत एक लहान तुकडा काढावा, सोनाराच्या काट्यावर तोलावा, मग सुमारे १०३ अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत वजन उतरावयाचे थांबेपर्यंत ठेवावा आणि पुन्हा तोलावा. प्रथम ११२ ग्रॅम आणि शेवटी १०० ग्रॅम भरला, तर ओलावा १२ टक्के. आपल्याकडे जमिनीसाठी १० ते १२ च्या आसपासचे लाकूड घ्यावे. भारतीय मानकांतील आयएस २८७ हे मानक याच कामासाठी आहे. हवेच्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग करून कोणत्या विभागात, कोणत्या कामास, किती ओलाव्याचे लाकूड चालेल ते त्यात दिले आहे. आपल्या तरुण कारागिरांनी ते एकदा वाचावे.

आता प्रकारांकडे वळू. दुकानात ज्यांस लाकडी जमीन म्हणतात, त्यांत वस्तुतः पाच निरनिराळ्या वस्तू असतात.

पहिली, अखंड लाकडाची फळी. साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड, कडेस खाच आणि जीभ. हिचा गुण असा की झिजली, डागाळली, तर वरून रंधून वा घासून ती पुन्हा नवी करता येते आणि असे अनेकदा करता येते. नातवंडांपर्यंत टिकणारी हीच. हिचा दोष तोच, जो आत्ता सांगितला, ही हलते. सागाखेरीज हेदूचे लाकूड एकसारख्या रेषांचे आणि जमिनीस योग्य आहे. ऐन कठीण आहे, पण अधिक आकसतो आणि चिरतो. आपल्या बांधावरच्या बाभळीविषयी पुष्कळ जण विचारतात. बाभूळ बळकट खरी, गाडीच्या चाकास आणि औतास तिच्यासारखे लाकूड नाही. परंतु सरळ लांब फळी तिच्यातून क्वचितच निघते आणि तिच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागास भुंगा फार लवकर लागतो. शिवाय दुष्काळी मुलखात उभे झाड जमिनीच्या हौसेसाठी पाडू नये, असे माझे मत आहे. शेतात साग असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी घेतल्यावाचून त्यास हात लावता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरी, थरांची फळी. दुकानदार हिला इंजिनिअर्ड म्हणतात. खाली प्लायचे थर एकावर एक आडवे-उभे चिकटविलेले आणि वर खऱ्या सागाचा किंवा विलायती ओकचा पातळ थर. थर एकमेकांस आडवे असल्यामुळे एक दुसऱ्यास हलू देत नाही. म्हणून हवेच्या हेलकाव्यात ही अखंड फळीपेक्षा स्थिर राहते. आमच्यापैकी कित्येक जुने कारागीर हिला नाक मुरडतात. ते योग्य नाही. सिमेंटच्या कोब्यावर, नव्या इमारतीत, हिची निवड पुष्कळदा अधिक शहाणपणाची असते. मात्र घेताना एकच प्रश्न विचारावा, की वरचा थर किती जाड? तीन-चार मिलिमीटर असेल तर आयुष्यात एकदा-दोनदा घासून नवी करता येईल. कागदासारखा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर एकदा झिजली की संपली. दोन्हींचा रंग दुकानात सारखाच दिसतो.

तिसरी, लॅमिनेट. हिचा शोध स्वीडनमधील पेर्स्टोर्प या कंपनीने १९७७ साली लावला. लाकडाचा भुसा दाबून केलेला घट्ट तक्ता, त्यावर लाकडाच्या रेषांचे छायाचित्र छापलेला कागद आणि त्यावर कठीण पारदर्शक राळेचा थर. म्हणजे पायास जे लागते ते लाकूड नव्हे, लाकडाचे चित्र होय. हे मी हेटाळणीने म्हणत नाही. ही स्वस्त आहे, ओरखडा सहन करते, एका दिवसात बसते. झीज सोसण्याच्या शक्तीवरून हिच्या एसी १ पासून चढत्या पायऱ्या आहेत. राहत्या घरास ३ किंवा ४ पुरे. परंतु सांध्यातून पाणी आत गेले की तक्ता फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही, आणि रंध्याखाली ही येतच नाही. ज्या घरी रोज बादलीभर पाण्याने जमीन पुसण्याची रीत आहे, त्या घरी हिचे आयुष्य थोडे.

चौथी, बांबूची. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरच्या बांबूस 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आले. त्याच्या कामट्या दाबून, चिकटवून केलेली फळी चांगली कठीण असते. २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनात सागवान आपल्या नागपूरकडचे आहे आणि जमिनीसाठी बांबू त्रिपुरातील आगरतळ्याचा आहे. तेव्हा बांबू म्हणजे गरिबाची तडजोड, असे आता कोणी म्हणू नये. मात्र तोही हवेप्रमाणे हलतो आणि त्याचा टिकाऊपणा सर्वस्वी चिकटविण्याच्या रसायनावर अवलंबून आहे.

पाचवी, लाकडासारखी दिसणारी, पण लाकूड मुळीच नसलेली. चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक यांची पट्टी. ओल्या जागी ही चालते, वाळवी हिला खात नाही. भाड्याच्या घरास, दुकानास ती अवश्य घ्यावी. फक्त लाकूड म्हणून, लाकडाच्या भावाने घेऊ नये.

नावाच्या बाबतीतही सावध राहावे. 'बर्मा साग' हा शब्द अजून बाजारात खेळतो. ब्रह्मदेशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. 'आफ्रिकन साग' या नावाखाली कधी आफ्रिकेत लावलेला खरा साग मिळतो, तर कधी सागाच्या कुळातही नसलेले दुसरेच झाड मिळते. दोन्ही लाकडे आपापल्या परीने चांगली असतील. परंतु ज्याचे पैसे मोजतो तीच वस्तू घरी यावी. आपल्या राज्यातील चंद्रपूर-गडचिरोलीचा, विशेषतः आलापल्लीचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली त्याच भागातून साग गेला. पावती असलेले, मूळ ठाऊक असलेले लाकूड घ्यावे.

यानंतर तळाचा विचार. खाली सिमेंटचा कोबा असेल तर तो वरून कोरडा दिसला म्हणून कोरडा समजू नये. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा घ्यावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करून तो एक दिवस-रात्र जमिनीवर ठेवावा. उचलल्यावर खाली थेंब वा काळसर ओल दिसली, तर अजून थांबावे. नव्या कोब्यास दर इंच जाडीस एक महिना तरी वाळू द्यावे. भिंतीच्या कडेने १० ते १२ मिलिमीटर जागा सोडावी. ती पट्टीखाली झाकली जाते, पण श्रावणात फुगणाऱ्या लाकडास तीच जागा लागते. फळ्या त्याच खोलीत आठ-दहा दिवस रचून ठेवाव्यात आणि मग बसवाव्यात. ऋतूही पाहावा. वैशाखात घट्ट बसविलेली जमीन श्रावणात उठते आणि श्रावणात बसविलेली वैशाखात फाटते. आपल्याकडे कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस त्यास उत्तम. मुहूर्त पंचांगात पाहावा, परंतु लाकडाचाही एक मुहूर्त असतो. वाळवीचा बंदोबस्त जाणत्याकडून पायापासूनच करून घ्यावा. वरून औषध शिंपडणे म्हणजे दार उघडे टाकून कडी लावणे होय.

आता शेवटी माझ्या घरची गोष्ट सांगतो, आणि संपवितो.

आमचे पारनेरचे जुने घर गेल्या वर्षी निम्मे उतरविले. नव्या भागात गुळगुळीत चकचकीत फरशी घातली होती. एके सकाळी आमची आई, वय वर्षे ८६, तिच्यावरून घसरली आणि मनगट मोडले. तिची आयुष्यभराची बैठक जमिनीवर. खुर्चीवर तिला करमत नाही. पुतण्या पुण्याहून आला तो लॅमिनेटचे नमुने घेऊन. "काका, आजीच्या खोलीस हेच घालू. थंडीत पायाला गार लागणार नाही," म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. दगडाच्या मानाने लाकूड उष्णता फार मंद वाहते, दहापटीहूनही मंद. म्हणून पौषातल्या पहाटे फरशी चावते आणि पाट चावत नाही. परंतु त्याने आणलेला नमुना आरशासारखा चकचकीत होता. ज्या चकाकीने ती पडली, तीच पुन्हा तिच्या पायांखाली घालावयाची काय?

त्याच आठवड्यात जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन उतरविलेला कडीपाट उक्ता मागत होता. भाऊ देण्यास तयार होते. फळ्या धुराने काळ्याठिक्कर, कोणास त्यांचे मोल दिसावे? मी एक फळी ओढून घेतली आणि रंधा मारला. दोन हातांत काजळी गेली आणि आतून मधासारखा साग निघाला. सव्वा इंच जाड, सूत लावावे इतका सरळ. ओलावा मोजला तो ९ टक्के. ज्या मुरलेल्या लाकडासाठी आपण भट्ट्या शोधतो, ते या गावच्या हवेत, या गावच्या चुलीच्या धुरावर, शंभर वर्षे मुरत आमच्याच डोक्यावर होते.

सर्वच चांगले होते असे नाही. भिंतीत गेलेली टोके वाळवीने पोखरलेली होती, ती कापून टाकली. प्रत्येक खिळा शोधून उपटावा लागला, नाहीतर रंध्याचे पाते जाते. जुना तेलरंग असलेल्या फळ्या वेगळ्या काढल्या, कारण तसल्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ छातीत जाऊ नये. दहा बाय बारा फुटांच्या, म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीस कापछाट धरून दीडशे चौरस फूट फळ्या लागल्या. मूळच्या रुंद फळ्या मधोमध चिरून अरुंद केल्या. खोली तळमजल्याची, म्हणून पूर्वीची फरशी काढली, ओल पाहिली, जाड प्लास्टिकचा पडदा घातला, त्यावर जलरोधक प्लाय आणि त्यावर या फळ्या. फरशी काढल्यामुळे उंची शेजारच्या खोलीबरोबर आली आणि दारात ठेच लागण्याजोगी पायरी राहिली नाही. वर चकाकीचे पॉलिश न देता मंद तेल दिले. मजुरी नव्या लॅमिनेटपेक्षा अधिक पडली, हे मी लपवीत नाही. उरलेल्या दोन खोल्यांस पुतण्याच्या पसंतीने थरांची फळी घातली. वरचा थर चार मिलिमीटरचा पाहून. स्वयंपाकघरास आणि न्हाणीस दगडच ठेवला.

आईला खोलीत नेऊन बसविले. तिने जमिनीवरून हात फिरविला, एका खिळ्याच्या भोकावर बोट ठेवले आणि विचारले, "ही चुलीवरची माडी ना?" मी हो म्हटले. ती म्हणाली, "साठ वर्षे हिच्याखाली भाकरी थापल्या. आता हिच्यावर बसते."

सभ्य गृहस्थहो, प्रत्येकाच्या घरी जुना कडीपाट असेल असे नाही, आणि असलेला प्रत्येक उपयोगी पडेल असेही नाही. परंतु ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो उक्ता देण्यापूर्वी एका फळीस तरी रंधा मारून पाहावा, एवढी माझी विनंती आहे. ज्यांस नवी जमीन घ्यावयाची आहे त्यांनी नाव आणि रंग शेवटी विचारावा. तळ कोरडा आहे का, लाकूड मुरलेले आहे का, ती दुरुस्त करता येईल का, आणि तिच्यावर कोण चालणार-बसणार आहे, हे चार प्रश्न आधी विचारावेत. आणि आपल्या तरुण कारागिरांस माझे एवढेच सांगणे आहे की गिऱ्हाईक घाई करील, मुहूर्त घाई करील. तुमच्या हाताला लाकूड गार लागले तर तुम्ही नाही म्हणा. त्या दिवशी गिऱ्हाईक रागावेल. पण त्या दिवशी मी नाही म्हटले असते, तर दाजींची पोथी सरळ जमिनीवर उघडली गेली असती.